उमरठच्या भिंतीचं कार्ड

अम्बरीन आली तेव्हा सुनील चहात पाव बुडवत होता. प्रकरणाची पहिली दोन वाक्यं त्याने त्यामुळे ऐकलीच नाहीत.

सारिका मोरे महाडात खाजगी तपासाची कामं घेई. विम्याचे खोटे दावे, लग्नाआधीच्या चौकशा, असंच काहीबाही. सुनील तिचा मदतनीस. स्कूटर चालवणं आणि भलत्याच माणसावर संशय घेणं ही त्याची मुख्य कामं.

"उमरठच्या रस्त्याची भिंत पडली," अम्बरीन सांगत होती. "साहिल नावाच्या मजुराचा पाय खाली सापडला. भिंतीतून पाणी काढायचे पाईप टाकलेच नव्हते. पण आमच्या बोर्डावर ते काम 'पूर्ण' आहे. तेही माझ्या नावाने."

"बोर्ड म्हणजे फळा?" सुनीलने विचारलं.

अम्बरीनने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. ठेकेदाराच्या ऑफिसात हे सॉफ्टवेअर तिनेच आणलं होतं. प्रत्येक कामाचं एक कार्ड. ते 'बाकी'तून 'चालू'त, तिथून 'तपासणी'त सरकायचं. साइटचा फोटो पाहून त्याला 'पूर्ण'मध्ये टाकायचा अधिकार एकट्या अम्बरीनचा. कार्ड पूर्ण दिसलं की पुढच्या कामाला हात लागायचा.

"मालक उद्या माझ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार देणार आहेत. पण ताई, मी रोज ढीगभर कार्डं बघते. ते चुकून मीच केलं असेल का, हे मलाच सांगता येत नाही. साहिलला भेटायला दवाखान्याच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. माझ्यामुळे झालं का, एवढंच मला सांगा."

सारिकाला पोरगी आवडली. स्वतःवर शंका घेणारी अशिलं तिच्याकडे फारशी येत नसत.

"लॅपटॉप कधी उघडा राहतो?"

"दुपारी. मी नमाजला आतल्या खोलीत जाते तेव्हा. नोंद दुपारचीच आहे, पण मार्चमधली. नमाजच्या आधी मी काय केलं, नंतर काय केलं, आता कसं आठवणार?"

"तेव्हा ऑफिसात कोण होतं?"

"शिमग्याचा आदला दिवस होता, म्हणून लक्षात आहे. स्टोअर सांभाळणारी पूजा, हैबती मिस्त्री आणि शुभम इंजिनिअर."

कार्डावरचा फोटो धूसर होता. दगडी भिंत, तिच्यातून डोकावणारी नारिंगी पाईपांची तोंडं आणि वरच्या कोपऱ्यात काहीतरी काळं.

"कावळा," सुनील म्हणाला.

"कावळा लोंबकळतो का रे?" सारिका म्हणाली आणि फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेतला.

पूजा स्टोअरच्या दारातच भेटली. "पाईप माझ्यासमोर साइटच्या गाडीत चढले. गाडी काय, ज्याला लागेल तो नेतो. मी घेऊन काय करू? चवदार तळ्यापाशी भाड्याच्या खोलीत राहते. खिळा ठोकायचा तरी घरमालकिणीला विचारावं लागतं."

"फारच पटकन सफाई दिली हिनं," बाहेर आल्यावर सुनील पुटपुटला.

उमरठला भिंतीचा उरलेला भाग उभा होता. पहिल्या दगडावर कुंकवाचा पुसट डाग, शेजारी नारळाची जुनी करवंटी. सारिकाने वर पाहिलं. वर नुसता उघडा डोंगर. ना झाड, ना तार.

"पाईप माझ्या नजरंला पडलं नाय," हैबती म्हणाला. "मी शिमग्याला गावच्या पालखीला गेलेलो. परत कामावर आलो तर भिंतीमागं मातीची भरणी झालेली. बोर्डावर पूर्ण हाय, बोलले. मग मी कशाला उकरू?"

"तुमचं घर कुठं?"

"ह्ये काय, खाली. आज्यानं बांधलेलं, मातीचं. दुसऱ्याच्या भिंती बांधण्यात जन्म गेला माझा."

शुभम पोलादपूरच्या नाक्यावर भेटला. त्याने आधी चहा मागवला. "कार्ड पूर्ण दिसलं, म्हणून मी भरणीला होकार दिला. नियमच आहे तो. अम्बरीन हुशार आहे हो, पण माणूस चुकतोच." निघताना तो म्हणाला, "रविवारी बिरवाडीला आमच्याकडे वास्तुशांत आहे. दोघांनीही जेवायला या."

सुनीलला शुभम फार सज्जन वाटला. परतीच्या वाटेवर त्याने हैबतीला गुन्हेगार ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे ऑफिसात जमले. मालकांच्या पुढ्यात तक्रारीचा कागद होता.

"कार्ड पूर्ण करायला अम्बरीनचंच खातं लागतं," सारिकाने सुरुवात केली. "मग ज्याचं काम खरं झालंय तो फोटो तिच्याकडे तपासणीला पाठवील. ती नमाजला गेल्यावर कार्ड चोरून 'पूर्ण'मध्ये कोण टाकील? फोटो तिच्या नजरेखाली टिकणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, तोच."

तिने फोटो मोठा केला. "आता सुनीलचा कावळा बघा. याला केस आहेत आणि दोन पाय आहेत."

"काळी बाहुली," पूजा म्हणाली.

"उमरठला ती टांगायला वर काही नाहीच. हैबतीदादा, बाहुली कशाला बांधतात?"

"नव्या घराला. दृष्ट लागू नाय म्हणून. रस्त्याच्या भिंतीला कोण बांधल? तिथं आमी नारळ फोडतो." बोलता बोलता हैबतीची मान शुभमकडे वळली.

"पूजाची खोली भाड्याची, हैबतीदादांचं घर आज्याचं. नवं घर एकाचंच. आज सकाळी मी वास्तुशांतीचा पत्ता शोधत बिरवाडीला गेले होते." सारिकाने आपला मोबाइल लॅपटॉपशेजारी ठेवला. तीच भिंत, तेच नारिंगी पाईप. वर छपराच्या कोपऱ्याला बाहुली अजून तशीच उलटी टांगलेली. "घरामागे डोंगर कापलाय, म्हणून ही भिंत. पाईप घातलेली दुसरी भिंत यांच्याकडे नव्हती. फोटो आणणार कुठून?"

शुभमने घसा खाकरला. "शिमग्यानंतर उमरठला मी नवे पाईप टाकणारच होतो. पण भरणीसाठी जेसीबी तेवढे दोनच दिवस मिळत होता. म्हटलं, एवढ्याशा भिंतीला काय होतंय."

"तुमच्या घरामागची भिंत जागची हललेली नाही," सारिका म्हणाली. "मी नीट बघून आले."

मालकांनी तक्रारीच्या कागदावरचं नाव खोडलं आणि वर दुसरं लिहिलं.

अम्बरीनने एकच विचारलं, "म्हणजे मी नव्हते?"

"तू नव्हतीस."

तिने पाईपांचं कार्ड 'पूर्ण'मधून उचलून 'बाकी'त नेऊन ठेवलं. मग दारापर्यंत गेली, परत आली आणि लॅपटॉप मिटला.

"ताई, दवाखान्यात आता भेटू देतील का साहिलला?"

सारिकाने सुनीलच्या हातातून स्कूटरची चावी काढून घेतली. "चल, मी सोडते. सुनील, तू रिक्षाने ये."