सेन्सरवर पडलेली सावली

हसू नका, पण उजेड मोजता मोजता मला भूत सापडलं.

तेव्हा मी राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये एकटाच राहायचो. दोन हजार सात साल असेल. माझी बायको पूर्णिमा, तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. रिकामं घर खायला उठायचं, म्हणून एका फुकट ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लॅपटॉपचे भाग चालवणाऱ्या ड्रायव्हर-प्रोग्रामची पॅकेजं बांधायचा नाद लावून घेतला. ती सिस्टिम आयतं काही देत नाही. मूळ कोड घ्यायचा आणि ज्यानं त्यानं आपल्या मशीनवर घडवायचा, घरच्या जात्यावर दळल्यासारखा. पगार नव्हता, पण ईमेलवर का होईना, चार माणसं बोलायची.

काम साधं होतं. स्क्रीनवर एक सेन्सर असतो; उजेड घटला की तो स्क्रीन मंद करतो. खिडक्या लावून, ट्यूब पेटवून मी त्याचे आकडे बघत बसलो. उजेड एकसारखा, म्हणजे आकडाही एकसारखा हवा. दिवेलागणीला तो हळूच उतरला. मागून कुणी वाकावं तसा. थोडा थांबला, परत चढला.

वळून पाहिलं. मागं फक्त कपाट होतं.

दुसऱ्या संध्याकाळी खालच्या जोतीराम इस्त्रीवाल्यांना खुर्चीत बसवलं. आकडा ढिम्म. "काय व्हायाचं हुतं?" म्हणत ते गेले. मी बसलो आणि आकडा उतरला. शिकेकाईचा बारीक वास आला. पूर्णिमा अशीच खुर्चीच्या पाठीला धरून वाकायची, "चहा निवतोय" म्हणायची.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण तिसऱ्या दिवशी मी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसलो.

"आलीस?..."

आकडा तेवढा उतरायचा. मला तेवढं पुरत होतं.

इकडे पॅकेजसाठी लोक खोळंबले होते. उजेडाचं प्रमाण बसवायला रिकाम्या खोलीतले आकडे घालायचे असतात. मी कंटाळा केला आणि माझ्या त्या संध्याकाळचेच घातले, तिच्या सावलीसकट. पॅकेज पाठवून दिलं.

त्या दिवसापासून आकडा हलला नाही. वासही आला नाही. ती गेली त्या दिवशीसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

मग जयसिंगपूरहून शिवशरणचा फोन आला. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा, माझी पॅकेजं वापरायचा.

"सर, ड्रायव्हर झकास हाय. पर दिवं लावायच्या टायमाला उजेड कमी व्हतोय. मागं तर नुसतं भित्ताड हाय की."

मी फोन कानाशी घट्ट दाबला. "आणि परत वाढतो ना?"

"पयल्यांदा वाढायचा. आता... न्हाय वाढत. काढून टाकू का ते?"

मला त्याचा हेवा वाटला, अगदी उघडा हेवा. "नको," मी ओरडलो. "काढू नका. मशीन चालू ठेवा, मी आत्ता निघतो."

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मशीन कालच बंद केलंय, सर... ह्यो दुकानातला उजेड मी डोळ्यानं बघून सांगतोय."