दिव्यामागची कोरी सीडी

खोली रिकामी करायची होती, एवढंच काम होतं. नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्याच्या शूटिंगच्या खोलीत सीडींच्या चळती होत्या तशाच उभ्या होत्या. लोकांची लग्नं, वाढदिवस, निरोप समारंभ. त्या लावायची यंत्रं आता कुणाच्या घरात उरली नव्हती. पण तशाच भंगारात द्यायच्या, तर परक्या घरांची सुखं रस्त्यावर सांडल्यासारखं व्हायचं. म्हणून ती नणंदेला मदतीला घेऊन एकेक सीडी सोलायला बसली.

सोलायची रीत त्यानेच दाखवली होती. नाव लिहिलेल्या बाजूवर ब्लेडने रेघ ओढायची, वर चिकटपट्टी घट्ट दाबायची आणि एका दमात खेचायची. चांदीचा पापुद्रा पट्टीबरोबर निघून येतो, हातात उरते काचेसारखी आरपार चकती.

"लोक खालची चकचकीत बाजू जपतात," तो म्हणायचा. "हिचा जीव असतो वर, नावाच्या खाली. केसाहून पातळ."

दुपारभर पट्टीचा तो चर्र आवाज चालला होता. नणंदेने दोन-तीनदा डोळे पुसले. तिला मात्र काही होत नव्हतं. तो गेल्यापासून ती रडलीच नव्हती. हल्ली तव्यावर बोट टेकलं तरी आधी करपल्याचा वास यायचा, मग भाजल्याचं कळायचं.

"एवढ्या ढिगात दादाचा आवाज कुठंच नाही ना गं, वहिनी?" नणंदेने विचारलं.

नव्हता. कॅमेऱ्यामागचा माणूस तो. शूटिंगच्या वेळी श्वाससुद्धा हळू घ्यायचा. घरीही फार बोलका नव्हताच. नणंद म्हणायची, आमच्या दादाकडून शब्द मिळवायचा म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. संध्याकाळी बायको दिवसभराचं सांगत बसली, की तो खुर्चीत मान टेकून नुसतं "हं" म्हणायचा.

त्या "हं"साठीच तिने नेम धरला होता. रोज तिन्हीसांजेला दिवा लावायचा आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला दिवसभराचं सांगायचं. 'त्यांचा एक शब्द कानी पडेपर्यंत सांगत राहीन,' असं देवाला बोलून बसली होती. नळ गळतोय, शेजारच्या आजी पडल्या, भिंतीला ओल आलीय. एक दिवस खंड नाही. उजेड जरा पसरावा म्हणून दिव्यामागे तिने नव्या पुडक्यातली एक कोरी सीडी टेकवून ठेवली होती.

चळती संपल्या तशी नणंदेने तीही उचलली.

"ती राहू दे. कोरी आहे," ती म्हणाली.

"कोरी कुठली? भरलीय की."

सीडी भरते तसा मधल्या भोकापासून बाहेर गडद पट्टा पसरत जातो, झाडाच्या खोडातल्या कड्यासारखा. एवढं त्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिने सीडी उजेडात तिरपी धरली. पट्टा जवळजवळ कडेपर्यंत आला होता.

खोलीतलं एक यंत्र अजून चालत होतं. नणंदेनेच सीडी आत सरकवली. थोडा वेळ नुसती घरघर. मग तिचाच आवाज आला, लांबून आल्यासारखा. "...प्लंबर आज पण आला नाही. मीच फडकं बांधलं..."

मग थोडी शांतता.

आणि "हं."

नणंदेच्या हातातली चिकटपट्टी खाली पडली. तिने हळूच विचारलं, "वहिनी... हा..."

ती ऐकत राहिली. एकामागून एक संध्याकाळ, आणि प्रत्येक संध्याकाळी ते "हं". त्याच्या आधी आणखी एक बारीक आवाज होता. खुर्ची फरशीवर ओढल्याचा. पुढच्या संध्याकाळी तो थोडा जवळून आला. त्याच्या पुढच्या संध्याकाळी आणखी थोडा.

शेवटचं "हं" इतकं जवळून आलं, की त्यामागचा श्वाससुद्धा ऐकू आला.

नणंदेने बटण दाबलं. "सोलून टाक ती," ती म्हणाली. "तुझा नेम पुरा झाला. देवाने ऐकवला ना त्याचा शब्द? आता आणखी नको मागूस. त्यालाही जाऊ दे... आणि तूही इकडे राहा."

ते खरंच होतं. मागणं पुरं झालं की हात जोडायचे आणि उठायचं. पदर पसरून बसून राहिलं की देवाला नाही, दुसऱ्याच कुणाला ऐकू जातं. तिने ब्लेड घेतलं, रेघ ओढली, पट्टी दाबून खेचली. चर्र झालं आणि चांदी निघून आली. राहिलेला हिरवट रंग तिने स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. मग ती आरपार चकती दिव्यामागे परत ठेवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. सोललेला सगळा चुरा पोत्यात बांधून नणंद घेऊन गेली.

संध्याकाळी तिने दिवा लावला. सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. आता सांगायचं नव्हतं. वात तडतडली, खिडकीतला उजेड विझला, ती ओठ घट्ट मिटून बसून राहिली. घरात कसलाही आवाज नव्हता.

उठताना तिची नजर चकतीवर गेली.

त्या कोऱ्या प्लास्टिकवर आता काही उमटायला पापुद्राच उरला नव्हता. तरी मधल्या भोकाभोवती केसाएवढं गडद कडं आलं होतं. ती बघत असतानाच ते रुंद होत होतं.

ती तर एक शब्दही बोलली नव्हती.

म्हणजे आज सांगत होता तो.

किती तरी दिवसांनी गालावर काहीतरी गरम ओघळलं, आणि ते तिला लगेच कळलं. ती परत खाली बसली, खुर्चीकडे पाठ करून. वळून बघायचा धीर नव्हता. बराच वेळ तशीच ऐकल्यासारखी गुडघ्यांवर मान टेकून राहिली.

मग हळूच म्हणाली, "हं."

आणि तिच्या मागे, अगदी पदराला लागून, खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.