नुरझातच्या चिठ्ठीवरचे ठिपके

खोटं सांगून मला काय मिळणार? याच हिवाळ्यात घडलंय. बिश्केकमध्ये, माझ्या शेजारच्या घरात... भर दुपारी.

बेगिमाईची टीम तेव्हा चौघांची. सगळे घरून काम करायचे, भेटायचे एका ऑनलाइन बोर्डवर. तिथे ज्याचा त्याचा माउसचा बाण फिरायचा, बाणाखाली नाव.

त्या दिवशी टीमच्या प्रमुखाने, तालांतने (सगळे त्याला बाइके, म्हणजे दादा म्हणायचे), बोर्डवर चौघांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्या.

"वरून फर्मान आलंय. एकाला नारळ द्यायचाय. ज्याने जावं त्याच्या चिठ्ठीवर एकेक ठिपका टाका. कुणी टाकला ते दिसणार नाही."



 बेगिमाईची म्हातारी आई तिच्याच पगारावर होती.

मग तिलाच सुचलं.

"तालांत बाइके, नुरझात एजेची चिठ्ठी लावा की. कंपनीने अजून तिचं नाव काढलेलं नाही. तिला आता नोकरी काय करायचीय?"

नुरझात पंधरवड्यापूर्वी गेली होती. घाटात गाडी घसरून. टीममधली एजे, थोरली बहीणच ती, बेगिमाईला काम तिनेच शिकवलेलं. चाळिसावा दिवस व्हायचा होता. तोवर माणूस आपली जागा सोडत नाही म्हणतात.

"कार्टे, डोकं आहे हं तुला," तालांत हसला. सगळेच हसले.

चार ठिपके पडले. चारही नुरझातवर.

सुटलो एकदाचे...

तेवढ्यात बोर्डच्या कडेने पाचवा बाण आत आला.

खाली नाव... नुरझात.

"कोण चावटपणा करतंय?" तालांतने विचारलं.

कुणाच्या तरी घरात चहाचा समोवार उकळत होता.

बाणाने एक ठिपका उचलला. सावकाश ओढत नेला... बेगिमाईच्या चिठ्ठीवर ठेवला.

मग दुसरा.

मग उरलेले दोन.

"बाइके, थांबवा ना तिला," बेगिमाई रडकुंडीला आली.

तालांतने घसा खाकरला. "चार ठिपके आहेत गं. मी तरी काय करू?"

त्याने तिचं नाव वर पाठवलं. बाकीच्या दोघांनी हूं की चूं केलं नाही. आपण वाचलो, एवढंच त्यांना कळलं.

कंपनीने तिचा लॅपटॉप नेला, खातं बंद केलं.

काल तालांतचा फोन आला.

"बेगिमाई, बोर्डवरून निघ ना."

"माझ्याकडे कुठलाय बोर्ड?"

"मग तुझा बाण इथे कसा? नुरझात... नुरझात ओढतेय त्याला. कडेला."

तेव्हापासून बेगिमाई गॅलरीच्या कठड्याला धरून उभी आहे. आई आत ये म्हणते, मीही जाऊन दंड ओढला. हलत नाही. हाक मारली की खाली बघत हळूच म्हणते...

"आले, एजे."

शुक्रवारी नुरझातचा चाळिसावा आहे. आमचा मजला नववा.