एका जागेवर दोन लाख माणसं

सुंद्रामावशीच्या रिक्षात मागं एकच जागा होती आणि त्या एका जागेवर चाळीस माणसं बसायची. मांडीवर नाही, लोंबकळत नाही. प्रत्येक जण ऐसपैस, पिशवी शेजारी ठेवून. कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत जात नव्हतं.

सांगली ते मिरज वडाप चालवण्यात मावशीची तीस वर्षं गेली होती. वडाप म्हणजे भरली की सुटणारी आणि हात केला की थांबणारी गाडी. तीस वर्षांत मावशीनं कुणाला "जागा न्हाई" म्हटलं नव्हतं. वेळप्रसंगी स्वतः निम्मी बाहेर लटकून तिनं गाडी हाकली होती, पण हात करणाऱ्याला आत घेतलं होतं. म्हणूनच नसीमानं आपलं यंत्र बसवायला हीच गाडी निवडली.

डॉ. नसीमा बागवान मिरजेची. बाप फळं विकायचा, पोरगी काळाचे तुकडे करायला शिकून आली.

"मावशी, एका जागेत एकाच वेळी दोन माणसं मावत नाहीत, बरोबर?"

"ते तू मला सांगतीस व्हय?"

"त्यातलं 'एकाच वेळी' तेवढं मी काढून टाकलंय. सेकंदाचे हजार काप करायचे. पहिल्या कापात तुम्ही बसणार, दुसऱ्यात मी, तिसऱ्यात आणखी कुणी. सगळ्यांची पाळी झाली की परत तुम्ही. इतकं भराभर, की कुणाला कळतसुद्धा नाही. ह्याला म्हणायचं क्षणकाप."

मावशीनं जरा विचार केला. "म्हंजे आमच्या चाळीतल्या नळागत. नळ एक, बिऱ्हाडं बारा."

"अगदी तस्संच!"

"आन आपली पाळी नसताना घागर कुठं असती गं?"

नसीमा हसायची थांबली. "घागर नसतेच, मावशी. कुठंच नसते."

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण गाडी सुरू झाली आणि लोक तर खूश! चाळिसातली एक पाळी मिळणारा माणूस चाळीस मिनिटांत एकच मिनिट जगतो. सांगलीला बूड टेकलं, पाऊण मिनिटात मिरज. खिडकीतून बघावं तर रस्त्यावरची माणसं मुंग्यांसारखी पळतायत, सायकलीची चाकं दिसतच नाहीत. मिरजेत उतरलेल्या म्हाताऱ्या परत रांगेत उभ्या राहायच्या, नुसतं खिडकीतून बघायला.

आणि मग आक्काचं दुखणं निघालं.

आक्का म्हणजे मावशीची थोरली बहीण, फुलाबाई. आई गेल्यावर मावशीची वेणी घालणारी तीच, आणि वेणी घालताना पाठीत धपाटा घालणारीही तीच. रक्ताचा काहीतरी आजार झाला. मिरजेतले डॉ. अण्णिगेरी त्याच आजारावर औषध शोधत होते. ते सरळ बोलणारे होते.

"औषधाला अजून पाच वर्षं लागतील. बाईंच्या हातात तीन महिने आहेत."

त्या दिवशी मावशी नसीमाच्या दारात जाऊन बसली. तिला हिशेब समजावायची गरज पडली नाही. वडापवाल्या बाईला गर्दीचं गणित कळतं.

"तीन म्हैने चाळीस जणांत वाटले तर धा वर्सं पुरतील. न्हाई का?"

"पुरतील," नसीमा हळूच म्हणाली. "पण जागा भरलेली पाहिजे. आक्का एकटी बसली, की एक दिवस म्हणजे एकच दिवस. गर्दी जितकी जास्त, तितकं तिचं आयुष्य लांब."

आक्का कुरकुरतच चढली. "पाच वर्सं रिक्षात? माझं लुगडं चुरगाळंल की."

"तुला दीड म्हैनाच वाटंल, आक्का. बस गुमान."

त्या दिवसापासून मावशीची हाळी बदलली. आधी घसा पोटासाठी ताणायची, आता बहिणीसाठी. "या, या, एकच सीट!" करून ती बाजारातल्या बायकांना हाताला धरून आणायची. ज्यांना कुठंच जायचं नाही त्यांनाही बसवायची. तिनं माणसांची तोंडं बघायचं सोडलं, नुसती बुडं मोजायची. रात्री गाडी नसीमाच्या अंगणात असायची, यंत्र चालू, आणि गल्लीतली झोप न येणारी माणसं रात्र चटकन सरावी म्हणून आक्काच्या सोबतीला येऊन बसायची. आक्काला दहा-दहा दिवसांनी भूक लागायची. उतरून भाकरी खायची, मावशीच्या डोक्याकडं बघायची आणि म्हणायची, "सुंद्रे, परवा तर एवढं पांढरं नव्हतं गं."

हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं, की ही गाडी मिरजेला पोचवते तसंच पुढच्या वर्षालाही पोचवते. मग रांग वाढली. कुणी म्हणे, आंबे आले की उतरवा. कुणी म्हणे, कोर्टाची तारीख आली की उतरवा. एक नवरी लग्नाच्या मुहूर्तापर्यंत बसली, तिची सासू नातवाच्या बारशापर्यंत. नसीमानं यंत्रावर एक पाटी लावली. त्यावर बसलेल्यांची नावं उमटायची. नावावर बोट दाबलं, की तेवढाच माणूस बाहेर. मावशीनं कुणाला नाही म्हटलं नाही. का म्हणावं? शंभर झाले, हजार झाले, आक्काचे तीन महिने रबरासारखे ताणत गेले.

सातव्या वर्षी पाटीवर दोन लाख नावं होती.

आता मावशी आरशात बघायची तेव्हा मागं एकच चेहरा दिसायचा. दोन लाख चेहरे मिळून झालेला एक. बाईचा म्हणावा तर बाईचा, बाप्याचा म्हणावा तर बाप्याचा. पोराचाही आणि म्हातारीचाही. इतका शांत आणि इतका देखणा चेहरा तिनं देवळातसुद्धा पाहिला नव्हता. बघताना तिचे हात आपोआप जोडले जायचे. त्यात कुठंतरी आक्का होती. आक्कानं एक श्वास घेऊन सोडला, की बाहेर आठवडा उलटायचा. घाटावरची चिंच फुलायची, फुलं गळून जायची, आणि आतल्या माणसांची एक जांभई पुरी व्हायची नाही.

"आक्काचे तीन महिने आता किती झाले गं?" मावशीनं नसीमाला विचारलं.

"पन्नास हजार वर्षं, मावशी. जवळजवळ."

मावशीनं मान वळवून बघितलं. बाहेर रस्ता रिकामा होता. बाजार रिकामा होता. हात करायला कुणी उरलंच नव्हतं.

"आन माझी किती उरली?"

मावशीला साठावं लागलं होतं, गुडघे गेले होते, आणि आक्काला बरी झालेली बघायची एवढीच तिची इच्छा होती.

"पाच वर्सं म्हणलं हुतं त्या डॉक्टरनं. सात झाली. चल, इचारून येऊ."

डॉक्टरांच्या प्रयोगशाळेला कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं तर काचेच्या नळ्यांवर बोटभर धूळ. दारावर कागद चिकटवलेला, शाई उडालेली, पण वाचता येत होता. "औषध तयार झाल्यावर कळवावे."

"कुणी तयार करायचं?" मावशी म्हणाली. "कुणाला कळवायचं?"

नसीमाचा चेहरा पडला. ती धावत रिक्षाकडं गेली आणि पाटीवरची नावं सरकवायला लागली. मावशी मागनं पाय ओढत आली. हजारो नावांनंतर ते सापडलं. अण्णिगेरी. तिसऱ्या वर्षी एका बाजारच्या दिवशी चढलेले. वर-खाली त्यांच्या मदतनिसांची नावं, ओळीनं सगळी.

"बाजारच्या दिवशी तर मीच हाताला धरून बसवत हुते," मावशी पुटपुटली. "नसीमा, मी तोंडच बघितलं न्हाई गं."

तिनं नावावर बोट दाबलं.

अण्णिगेरी डॉक्टर पायरीवरून खाली उतरले. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. त्यांनी उन्हात डोळे बारीक केले, मावशीकडं पाहिलं आणि त्यांचं तोंड उजळलं.

"आलं औषध?"

"आवो, तुमीच करनार हुता न्हवं ते?"

"हो, करतच होतो," डॉक्टर म्हणाले. "पण फार वेळ लागतो हो त्याला. तुम्ही हाताला धरलंत, म्हटलं बरंच आहे, तोवर बसून घेऊ. कुणीतरी करेलच की." त्यांनी रिकाम्या रस्त्यावर एक नजर टाकली. "म्हणजे अजून आलंच नाही? मग मला कशाला उतरवलंत?"

आणि ते वळले आणि त्यांनी पायरीवर पाय ठेवला.

मावशीनं पुढं होऊन दोन्ही मुठींत त्यांचा शर्ट पाठीमागून धरला.

"सोडा हो, मावशी," डॉक्टर कळवळून म्हणाले. "माझी जागा जाईल."