पहिलं पाणी जास्वंदीला

या, जरा पुढे सरकून बसा. एका नळाची गोष्ट सांगते. आणि त्या नळाच्या निमित्ताने देवाने दोन जीव कसे जोडले, त्याची.

एक तरुणी होती, तिचं पाळणाघर होतं. राहत्या घराच्याच तळमजल्याची खोली, भिंतीवर चिमुकल्या हातांचे रंगीत ठसे, कोपऱ्यात जुना नळ. संध्याकाळी आया मुलांना घेऊन जात होत्या, तेवढ्यात दारात एक उंच तरुण येऊन उभा राहिला.

“तुमचं कुठलं?” कडेवरचं बाळ सावरत तिने विचारलं.

“माझं… अजून लग्नच व्हायचंय.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो निघाला पाणीखात्याचा तपासनीस! गुडघे टेकून त्याने भिंतीतून आलेला पाइप किल्लीने खरवडला. चांदीसारखी रेघ उमटली.

“शिसं,” तो म्हणाला, आणि त्याचं हसू मावळलं. “पाण्यात उतरतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. पण लहानग्यांची वाढ, बुद्धी… सगळ्यावर घाला.”

“मी उकळून देते पाणी.”

“उकळून शिसं जात नाही.”

तिने बाळाला घट्ट धरलं. “मग बदला ना पाइप.”

“आधी ते तपासणीत पाण्यात सापडायला हवं, तेव्हा साहेब खोदू देतात.” त्याने बाटली पुढे केली. “रात्रभर नळ उघडायचा नाही. सकाळचं पहिलं पाणी यात भरा. तोवर मुलांचं पाणी दुसरीकडून आणा.”

त्या दिवसापासून ती पलीकडच्या नव्या इमारतीतून कळश्या वाहू लागली. बाटली गेली, तपासणी झाली. पाणी स्वच्छ! दुसरी बाटली गेली… तीही स्वच्छ. निकाल सांगायला, बाटली द्यायला, बाटली न्यायला तो येतच राहिला. बाटली घेताना बोटं हळूच भेटत – आणि दोघंही नळाकडे बघत.

“काय हो,” एकदा तिचे बाबा चष्म्यावरून म्हणाले, “नळ तोच आहे ना? की दर खेपेला वेगळा दिसतो?”

“नळ तोच आहे, काका,” तो पुटपुटला. “पण साहेब म्हणतात, शेवटची संधी. या वेळीही स्वच्छ आलं तर इथलं काम बंद.”

शिसं डोळ्यांनी दिसतंय आणि पाण्यात सापडत नाही, ही काय माया? म्हणून तो सकाळी स्वतःच हजर झाला. ती ओल्या केसांनी आली, बादली लावली, नळ सोडला. पाणी गार लागेपर्यंत वाहू दिलं, बादली दारच्या जास्वंदीला ओतली, आणि मग नळाखाली बाटली धरली.

तो बघतच राहिला. “हे काय केलंत?”

“रोजचंच. पहिलं पाणी जास्वंदीला. आई म्हणायची, रात्रभर नळात बसलेलं पाणी म्हणजे झोपेतून उठलेलं माणूस. आधी त्याला तोंड धुऊ दे.” ती घुटमळली. “आणि तुमच्या साहेबांना काय शिळं पाणी पाठवू? बरं दिसतं का ते?”

तो हसला – डोळ्यांत पाणी येईतो हसला. मग एकदम हळवा झाला.

“अहो, रात्रभरात उतरलेलं शिसं त्या पहिल्या पाण्यातच तर असतं! तुमच्या आईंनी इतकी वर्षं निम्मं संकट झाडाला पाजलं. त्या कुठे आहेत? पाया पडतो.”

“आई… गेली.” बोलताना तिचा आवाज ओला झाला. त्याने नळ घट्ट बंद केला.

दुसऱ्या दिवशी जास्वंद उपाशी राहिली. बाटलीत शिसं सापडलं, आणि गल्लीत कुदळी वाजू लागल्या. नवा तांब्याचा पाइप आला. पाणी पुन्हा तपासलं, तेव्हा ते खरोखर स्वच्छ निघालं. मुलांनी पेले भरभरून पाणी प्यायलं, निम्मं अंगावर सांडलं.

काम संपलं. तरी चार दिवसांनी तो दारात – हातात रिकामी बाटली.

“आता काय तपासायचं राहिलं?” तिने ओठ दाबून विचारलं.

“ही खात्याची नाही. आमच्या आईने दिलीय. म्हणते, ज्या घरी सारखा धावतोस, तिथलं पाणी तरी मला चाखव…”

तिने बाटली घेतली. पदराने पुसली. आणि तशीच, रिकामी, त्याच्या हातात परत ठेवली.

“बाटलीतून कशाला? आईंनाच घेऊन या. पाणी मी त्यांच्या हातात देईन.”

आतून बाबा खाकरले. “आणि काकांना विचारायचं नाही वाटतं?” पण हसू त्यांच्या मिशीत मावत नव्हतं.

असा जोडा जमला. आता एक मागते, द्याल ना? उद्या सकाळी नळ उघडाल, तेव्हा हात क्षणभर थांबू द्या, आणि त्या जास्वंदीवाल्या माउलीची आठवण काढा.