वाऱ्याच्या कोटाची बटणं

आमच्या कॉलेजात दिवसा मुलं शिकायची आणि संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं. महिन्यातून एकदा बाहेरगावचे लेखक येऊन आपलं लेखन वाचून दाखवायचे. मी तिथल्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. निवृत्तीनंतरही खुर्च्या मांडायला, माइक तपासायला जायचेच. "तुम्हाला इथेच पुरायला हवं," असं गणिताचे सर म्हणायचे. "आधी तुमचा नंबर," मी म्हणायचे.

त्या वर्षी मी धाकट्या बहिणीला सोबत नेऊ लागले. नवरा गेल्यापासून ती बोलत नव्हती. घशात काही दोष नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती जेवायची, भाजी निवडायची, कपड्यांच्या घड्या घालायची; तोंडातून शब्द नाही. घरात मी एकटीच बडबडायचे आणि माझाच आवाज ऐकून घाबरायचे. तिने एकदा "ताई, गप्प बस गं" म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

आमची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती शिवणकाम करायची. संध्याकाळी मशीन बंद करून हाताने काजं करता करता ती गोष्ट सांगायची आणि मध्येच मुद्दाम चुकायची. आम्ही जाग्या आहोत का, हे पाहायची तिची ती रीत. मी मोठी, पण मला आधी झोप लागायची. धाकटी मात्र चूक बरोबर पकडायची. मग आई, सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं पितळी अंगुस्तान टेबलावर आपटायची. टक. "आहेस होय जागी!" आणि गोष्ट पुढे सरकायची.

त्या संध्याकाळचे लेखक म्हणजे उंच, सर्दीने बेजार झालेले गृहस्थ. बोटीवरच्या एका स्वयंपाक्याची कादंबरी वाचत होते. नाक ओढत वाचत होते, पण छान वाचत होते. हॉलमध्ये भिंतींच्या नव्या रंगाचा आणि कॉफीचा वास. धाकटी माझ्या शेजारी, हात मांडीवर ठेवून. स्वयंपाकी कोठाराची किल्ली शोधत होता, आणि दिवे गेले.

खिडक्यांना जाड पडदे होते. स्वतःचा हात दिसेना. वाचन मात्र थांबलं नाही.

"वाऱ्याला थंडी वाजत होती. म्हणून तो कोट शिवायला शिंप्याकडे गेला."

ही आईची गोष्ट होती. कुठे छापलेली नव्हती, तिची तिने रचलेली. आईकडे ज्या बायका कपडे शिवून घ्यायला यायच्या, त्यांच्यातल्या कुणाचा हा मुलगा असेल, असं मी मनाशी म्हटलं. आवाज लेखकांचाच होता, हे मी आजही सांगेन. फक्त त्यात सर्दी नव्हती.

शिंप्याने कापड बेतलं. अस्तर लावलं. वारा आरशासमोर उभा राहिला.

"आणि कोटाला बटणं होती पाच."

आवाज थांबला. कुणाची तरी वाट पाहावी, तसा.

शेजारी साडी सळसळली.

"चार," धाकटी म्हणाली. घसा खरखरला. "पाचवं वाऱ्याने उडवून नेलं."

मी अंधारात तिचा हात घट्ट धरला.

दिवे आले. लेखकांचं पुस्तक मिटलेलं होतं, त्यावर चष्मा. ते नाक पुसत होते. "अंधारात वाचणार कसं? म्हटलं, बसू जरा गप्प."

"सगळेच गप्प बसलात की!" गणिताचे सर म्हणाले. "माझ्या तासाला कधी नाही बसलात. फक्त या ताई बोलल्या. कसली हो चार?"

"बटणं," धाकटी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "ताई, हात सोड की. किती दाबतेस!"

घरी जाताना वाटभर ती बोलत होती आणि मी गप्प होते.

कॉलेजात प्रत्येक वाचनाचं ध्वनिमुद्रण व्हायचं. ते यंत्र बॅटरीवर चालायचं, त्यामुळे दिवे गेले तरी ते सुरूच होतं. काही दिवसांनी रिकाम्या ग्रंथालयात बसून मी ते ऐकलं. स्वयंपाकी, किल्ली. मग शांतता. खुर्च्यांची करकर, लेखकांचं नाक ओढणं. बराच वेळ तेवढंच.

मग धाकटीचा आवाज. "चार. पाचवं वाऱ्याने उडवून नेलं."

आणि लगेच, माइकच्या अगदी जवळ, टक.

मी यंत्र बंद केलं. बाहेर अजून ऊन होतं. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"आई," मी म्हटलं, "या वेळी मीही जागी होते."

टेबलावर, माझ्या हाताशेजारी, टक.