नासर्डीत सोडलेली झोळी

थापा मारायचं माझं वय राहिलेलं नाही. ऐंशी कधीच उलटली. मी सांगतोय आणि नात मोबाईलवर लिहितेय. पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. पण खोटं म्हणू नका, कारण यातलं लेकरू मीच आहे.

साल १९३७. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते.

आज नाशकात जिथं इंदिरानगर आहे, त्या बाजूला तेव्हा नुसते मळे होते. नासर्डी नदीच्या काठाला आमचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. माझे वडील फकिरा, त्यांना मी दादा म्हणायचो. आई कलाबाई. मी तेव्हा नऊ महिन्यांचा.

फुलांच्या धंद्यात माणसाला उसंत नसते. पहाटे तोडणी, उजाडता बाजार, दुपारी गजरे. दसरा-दिवाळीला तर जेवायची शुद्ध नसायची.

आई गजरे करायची ते झोपडीत बसून. माझी झोळी बाहेर आंब्याच्या फांदीला. झोळीची दोरी दारातून आत यायची आणि तिचा फास आईच्या पायाच्या अंगठ्यात. हात फुलांत, पाय झोळीत. आमच्याकडं सगळ्याच बाया असं करायच्या.

आणखी एक ध्यानात ठेवा. आई डावरी होती. तिची गाठ उलट्या अंगाला पडायची. फुलबाजारात नुसती गाठ बघून माणसं म्हणायची, हा कलाचा गजरा.

तर त्या दिवशी दादा दुपारी बाजारातून आले ते हसतच.

"कला, चल. बोलपट बघायला जाऊ. तीनचा खेळ हाय."

"अवं, आन् पोरगं?"

"नवसामावशी बघंल की. लग्नाला सहा वर्सं झाली, आपण दोघं मिळून कुठं गेलो सांग बरं! आज दोन घटका पोराला इसर. माझी हो."

आई लाजली. पण तिलाही जायचं होतं. फार जायचं होतं, असं तिनंच मला पुढं सांगितलं.

नवसाबाई म्हणजे शेजारच्या मळ्यातली म्हातारी. नजर अधू झालेली. गजरा करणं जमायचं नाही, पण पोरं सांभाळायला एक नंबर. ती आली आणि मला मांडीवर घेऊन बसली. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि स्वतःच्या केसांसाठी एक गजरा करायला बसली.

बसली ती रोजच्यासारखीच... अंगठ्यात फास घालून.

हात चालायला लागले तसा पायही चालायला लागला.

बाहेर झोळी झुलत होती.

रिकामी.

"अगं ए बया!" मावशी ओरडली. "रिकामी झोळी हालवतीस व्हय? सोड, सोड ती दोरी! रिकाम्या झोळीत भलतंच येऊन बसतं!"

आईनं जीभ चावली. "पायाला सवय लागली, मावशी. माझं ऐकतोय कुठं तो!"

दोघी हसल्या. आईनं फास काढला, माझा मुका घेतला आणि दोघं निघाली.

थेटरात बायकांची बाकडी एका बाजूला, पुरुषांची दुसऱ्या. मधे दोर बांधलेला. दादा मुद्दाम दोराच्या अगदी कडेला बसले, आई पलीकडून कडेला. दादांनी कुरमुऱ्यांच्या भत्त्याचा पुडा दोराखालून सरकवला. आईच्या बोटाला बोट लागलं. म्हातारपणीसुद्धा हे सांगताना ती हसायची.

अंधार झाला. पडद्यावरची माणसं बोलायला लागली.

थोड्या वेळानं शेजारची बाई खेकसली, "ए बाई, पाय हलवू नको. बाकडं हलतंय सगळं."

आईनं खाली पाहिलं.

तिचा पाय हलत होता. झोळी हलवतात तसा...

तिनं पाय दाबून धरला. थांबवला.

आणि मग अंगठ्याला ओढ बसली.

अगदी ओळखीची ओढ. झोळी पलीकडं गेली की दोरी ओढते ना, तशी.

तिनं हात लावून पाहिलं. अंगठ्यात काही नव्हतं. शेजारच्या बोटात जोडवी तेवढी होती.

पुन्हा ओढ बसली...

या खेपेला जोरात. तिचा पाय बाकड्याखालून पुढं सरकला.

"अवं..." ती दोराखालून कुजबुजली. "घरी चला."

"आत्ताशी तर सुरू झालंय!"

"माझ्या पायाला कुणीतरी ओढतंय."

दादा हसले. "आईपणाचं खूळ सगळं! भत्ता खा."

तिनं मधल्या सुट्टीपर्यंत कळ काढली. दिवे लागले तेव्हा दादांनी तिचा पाय पाहिला. अंगठ्याभोवती लालभडक वळ उठला होता. दोरी आवळल्यासारखा.

दादांचं हसू गेलं. दोघं उठली ती जवळजवळ पळतच निघाली.

मळ्याच्या वाटेला लागेपर्यंत दिवस बुडत आला होता. समोरून कुणीतरी काठी टेकत येत होतं.

नवसामावशी.

एकटी.

"मावशी! पोरगं कुठं हाय?"

मावशी थबकली. तोंड जवळ आणून आईकडं बघत राहिली.

"कला? अगं, तू इकडून कशी?"

"पोरगं कुठं हाय, सांग ना!"

"तुझ्यापाशी तर दिलं! मघाशी तू आलीस नव्हं का. म्हणलीस, मावशी, तू जा घरला, मी बसते. अंगठ्यात दोरी घातलीस, फुलांची पाटी फुडं ओढलीस..."

"मी न्हवते ती, मावशी!"

"माझं डोळं गेलं असतील, कान न्हाई गेलं. तुझाच आवाज व्हता."

आई पुढचं ऐकायला थांबलीच नाही.

मळ्यात सगळं शांत होतं. त्या वेळेला आंब्यावर साळुंक्यांचा गलका असायचा. त्या दिवशी एकही नव्हती.

फक्त फांदी करकरत होती.

झोळी झुलत होती. संथ. एका लयीत.

दादा आधी झोपडीत शिरले. चटई अंथरलेली. पाटी पुढं ओढलेली. अर्धा गजरा पडलेला, फुलं ताजी. दोरीचा फास चटईवर होता...

तो पुढं सरकत होता आणि मागं येत होता.

आत कुणी नव्हतं.

बाहेर आईनं झोळीत हात घालून मला उचललं आणि छातीशी धरलं. मी रडलो नाही. डोळे उघडे ठेवून तिच्याकडं बघत होतो म्हणे. ती रडत रडत मला घेऊन मावशीच्या घराकडं पळाली.

इथवर आईनं सांगितलेलं.

पुढचं दादांनी सांगितलं, ते मरायच्या आदल्या दिवशी. तोवर त्यांनी त्यातला एक शब्द माझ्याजवळ काढला नव्हता.

लेकरू काढलं की झोळीचं लुगडं सैल पडतं. कुणाही बाईला विचारा.

ती झोळी सैल पडली नव्हती.

लुगडं तसंच ताणलेलं. तळाशी गोल. फांदी तशीच करकरत होती.

आई मला घेऊन निघून गेली होती आणि झोळीला अजून वजन होतं...

दादांचं डोकं चालेना. जे आलंय ते आत बसलंय, एवढंच त्यांना वाटलं. आत बघायची छाती झाली नाही. त्यांनी डोळे मिटून गाठी सोडल्या, लुगड्याचं तोंड आवळलं आणि ते बोचकं घेऊन नासर्डीकडं पळाले. कार्तिकात नदीला अजून बरं पाणी असायचं.

त्यांनी ते मधल्या डोहात फेकलं.

"दादा, काही आवाज आला?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. म्हातारा हमसून हमसून रडला.

त्या रात्री तिघं मावशीकडंच राहिली. सकाळी आई मला न्हाऊ घालायला बसली. माझ्या पायात काळा दोरा होता. आईनंच बांधलेला.

तिचा हात दोऱ्यावर थांबला.

दोरा तोच होता. गाठ सरळ होती.

उजव्या हाताची.

आई कितीतरी वेळ गाठीकडं बघत बसली. मग हळूच म्हणाली,

"अवं... झोळी कुठं हाय?"

"सोडली नासर्डीला."

"आत बघितलं व्हतं का?"

दादांनी मान खाली घातली.

दोघांनी तीन दिवस नदी धुंडाळली. बांबू घालून डोह ढवळला. लुगडं सापडलं नाही. काहीच सापडलं नाही.

आईनं मला जिवापाड वाढवलं, हे आधी सांगतो. स्वतःच्या तोंडातला घास काढून मला भरवला. कधी वावगा शब्द नाही. पण दोघं पुन्हा कधी मिळून कुठं गेली नाहीत. देवालासुद्धा एकेकटी जायची.

आणि दरवर्षी दिवाळी सरली की आई एक गजरा करायची. डाव्या गाठीचा. संध्याकाळी नासर्डीच्या डोहापाशी जायची आणि पाण्यात सोडायची.

मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा मागं मागं गेलो.

"आई, कुणासाठी गं?"

तिनं वळून पाहिलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुझ्यासाठीच की रे, बाळा," ती म्हणाली, आणि पुन्हा पाण्याकडं बघत राहिली.

आता तिथं पूल झाला, बंगले झाले. डोह बुजला. मी अजूनही दिवाळीनंतर एक गजरा विकत घेतो आणि पुलावरून खाली टाकतो. सून म्हणते, बाबांना म्हातारचळ लागलाय. लागू दे. त्या दिवशी मला झोप येत नाही. पलंग हलतोय असं वाटत राहतं.

नात लिहिता लिहिता थांबलीय. माझ्या पायाकडं बघतेय, तो दोरा असायचा तिथं.

"आजोबा... मग तुम्ही कोण?"

लिही गं, म्हटलं. मला ठाऊक असतं तर इतकी वर्षं गप्प बसलो असतो का?